‘मी काही मोठी नटी नव्हे’ म्हणणाऱ्या आईचे चरित्र

वाचकाचे पत्र (संक्षेपाने):

माझी आई सांगलीत राहते. तिने ऐंशी वर्षे पूर्ण केली असून काही महिन्यांतच आम्ही तिचे सहस्रचंद्रदर्शन करणार आहोत. १९६३ साली, लग्नाआधी, तिने एका हौशी नाट्यसंस्थेच्या नाटकात पहिली भूमिका केली. १९६६ मध्ये लग्न झाले, दोन वर्षांनी दादाचा जन्म झाला आणि नंतर माझा. दादाच्या जन्मापासून आठ वर्षे ती रंगमंचापासून दूर होती. १९७६ पासून ती पुन्हा कामे करू लागली आणि साठीपर्यंत करत राहिली. दिवसा ती शाळेत शिकवत असे, संध्याकाळी तालमीला जात असे. बाबा बँकेत तपासणीच्या कामावर असल्याने बराच काळ फिरतीवर असत. तिच्या नाटकांवर एक छोटी पुस्तिका काढावी, अशी माझी इच्छा आहे. ती म्हणते, ‘मी काही मोठी नटी नव्हे, माझ्यावर काय लिहायचं?’ दादाचा विरोध निराळा आहे. तो दहा वर्षांचा असताना तापाने फणफणला होता आणि आई स्पर्धेच्या अंतिम फेरीसाठी परगावी गेली होती, हे तो विसरलेला नाही. पुस्तिका काढायचीच तर तिच्यावर आई म्हणून काढा, नटी म्हणून नको, असे तो म्हणतो. २०१९ च्या महापुरात तिचे निम्मे कागद भिजले. आता तिनेच हट्ट धरला आहे की समारंभात ती एक जुने स्वगत सादर करणार. मध्येच आठवले नाही तर चारचौघांत तिची फजिती होईल, या भीतीने मला झोप लागत नाही. मी काय करावे?
— एक लेक, पुणे

सप्रेम नमस्कार.

पुस्तिका जरूर काढा, आणि ती तुमच्या आईंच्या नाटकांचीच काढा. तुमच्या बंधूंच्या मनातली पुस्तिका कोणालाही लिहिता येईल, कारण तिच्यातला मजकूर प्रत्येक मानपत्रात आधीच छापलेला असतो: कष्ट, माया, संस्कार आणि हातची पुरणपोळी. हे सारे खरे असेलही. पण सांगलीतल्या एका शिक्षिकेने मधली आठ वर्षे वगळता चार दशके शाळा सुटल्यावर नेमके काय केले, कोणाच्या आधाराने केले आणि त्यासाठी काय मोजले, हे त्यातून कोणाला कळणार नाही. त्यांचे आईपण या गोष्टींच्या आतच आहे. तालमीला जाण्याआधी रात्रीचा स्वयंपाक कोण करून ठेवत असे, एवढे जरी नीट लिहिले तरी आई आणि नटी अशी दोन खाती मांडून त्यांचा ताळेबंद जुळवण्याची गरज पडत नाही.

‘मी काही मोठी नटी नव्हे’ या त्यांच्या म्हणण्याशी वाद घालू नका. त्यात विनय आहे आणि बहुधा वस्तुस्थितीही आहे. मराठीत ज्या नटींची आत्मचरित्रे आहेत, त्या बहुतेक व्यावसायिक रंगभूमीवरच्या किंवा चित्रपटांतल्या आहेत. हौशी नटीने आपले आयुष्य लिहून ठेवल्याचे क्वचितच आढळते, आणि म्हणूनच तुमच्या पुस्तिकेला अर्थ आहे. लेखणी हातात धरायला त्या तयार नसतील तर त्यांनी सांगावे आणि तुम्ही लिहावे. हंसा वाडकरांची आत्मकथाही त्यांनी सांगितली आणि अरुण साधू यांनी शब्दबद्ध केली, तेव्हा या रीतीला आपल्याकडे चांगला पूर्वाधार आहे.

हौशी रंगभूमीचे मोल काय, हे पुस्तिकेत एखाद्या परिच्छेदात सांगायला हरकत नाही. मात्र ते आईंना थोरामोठ्यांच्या पंक्तीला बसवण्यासाठी नसावे. शासनाची राज्य नाट्यस्पर्धा १९५० च्या दशकाच्या मध्याला सुरू झाली आणि नोकरी-व्यवसाय सांभाळून नाटक करणाऱ्यांना तिच्यामुळे दरवर्षी निश्चित मुहूर्त मिळू लागला. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये ‘रंगायन’ने प्रथम राज्य स्पर्धेतच सादर केले आणि त्यातली बेणारेबाई करणाऱ्या सुलभा देशपांडे शाळेत शिक्षिका होत्या. डॉ. श्रीराम लागू शल्यविशारद म्हणून व्यवसाय करत असताना पुण्याच्या ‘पीडीए’त, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये, कामे करत होते आणि १९६९ नंतर पूर्ण वेळ रंगभूमीकडे वळले. ही माणसे पुढे सर्वांना ठाऊक झाली. परंतु तेंडुलकर किंवा कानेटकर यांची नाटके जिल्ह्याच्या गावांतून ज्यांनी बसवली, ते तिथले कारकून, वकील, डॉक्टर आणि मास्तर होते. अनेक गावांत मुंबई-पुण्याची नाटक कंपनी वर्षातून मोजक्या वेळा येत असे. एरवी नवे नाटक पाहायचे, ते आपल्याच ओळखीच्या माणसांनी केलेले. तुमच्या आई अशा गावातल्या नटी होत्या, आणि पुस्तिकेत तेवढेच पण तपशिलाने लिहायचे आहे.

आईंना पहिला प्रश्न कोणता विचारावा, हे मी सुचवते. त्यांच्या आधी त्या संस्थेत स्त्रीभूमिका कोण करत असे? १९६३ साली हा प्रश्न गैरलागू नव्हता. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले तेव्हा सीताही पुरुषानेच केली होती, आणि पुढे बालगंधर्वांपर्यंत ही परंपरा वैभवाने चालली. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या मुंबईच्या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक या घरंदाज स्त्रियांनी कामे केली. हिराबाई बडोदेकर आणि त्यांच्या बहिणीही त्याच सुमारास रंगमंचावर आल्या होत्या. पण मुंबईत जे घडले ते लहान गावांतल्या मंडळांपर्यंत पोहोचायला पुढे पुष्कळ वर्षे लागली. तिथे कोणी तरुण लुगडे नेसून उभा राहत असे, नाहीतर परगावाहून मानधन ठरवून नटी आणली जात असे. ती प्रयोगाच्या आधी जेमतेम एखाद-दुसऱ्या तालमीला हजर राहून काम उरकत असे. कोकणात आणि गोव्यात उत्सवाच्या नाटकांना अशी नटी आणण्याची चाल पुढेही बरीच वर्षे टिकली. तेव्हा तुमच्या आई ज्या दिवशी पहिल्यांदा तालमीला गेल्या, त्या दिवशी कोणाची तरी भूमिका गेली असणार किंवा मंडळाचा नटीवरचा खर्च वाचला असणार. त्यांना स्वतःला कधी मानधन मिळाले का, हेही संकोच न करता विचारा. परगावच्या नटीला पैसे आणि गावच्या मुलीला नारळ, असा व्यवहार कित्येक संस्थांत सर्रास चालत असे, आणि रंगमंचावर नेसलेला शालू बहुधा तिच्याच घरचा असे.

अशा मुलाखतीत आपण नकळत पोकळ प्रश्न विचारतो. ‘तेव्हा तुला कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘छान वाटलं’ हेच उत्तर येते. त्यापेक्षा खोली विचारा. तालीम कुठे होत असे, शाळेच्या वर्गात की कोणाच्या माडीवर. दिवा कुठे होता. बाई एकटी आणि पुरुष बारा-तेरा, तर त्या कुठे बसत. रात्री घरी पोहोचवायला कोण येत असे आणि वाटेत कोणी पाहिले तर दुसऱ्या दिवशी शाळेत काय बोलले जाई. प्रॉम्प्टर कोण होता आणि त्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत जात असे का. रंगभूषा कोण करत असे आणि घरी आल्यावर ती खोबरेल तेलाने काढायला किती वेळ लागे. प्रश्न असे असले की माणसे आणि प्रसंग आपोआप येतात.

साल आठवत नसेल तर त्यांना सालाचा आग्रह करू नका. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला आणि सांगली भागातल्या त्या पिढीच्या माणसांना ती पहाट आठवते. ते नाटक भूकंपाच्या आधीचे की नंतरचे, आणीबाणीत संहितेतले काही गाळावे लागले का, अशा खुणांनी बहुतेक नाटके दोन-तीन वर्षांच्या फरकाने जागेवर बसतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. उतारवयात माणसाला साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतचा काळ सर्वांत ठळक आठवतो. त्यामुळे त्या पुन्हा पुन्हा १९६३ ते १९६७ या काळाकडे वळतील. त्यांना अडवू नका. पण चाळिशीनंतरच्या भूमिकांसाठी छायाचित्र किंवा जुनी संहिता हातात देऊनच बसा, नाहीतर त्यांच्या कामाचा मोठा भाग चार ओळींत आटोपेल. माझ्या मते हौशी नटीची खरी कारकीर्द पुष्कळदा त्याच भागात असते. विशीत नायिका होण्यासाठी रूप आणि घरच्यांची परवानगी पुरते. पंचेचाळिसाव्या वर्षी आई, आत्या, विधवा जाऊ किंवा संस्थाचालिका यांच्या भूमिका करायला आवाज, ठहराव आणि अनुभव लागतो, आणि त्या वयात रात्री उशिरापर्यंत तालमीला थांबू शकणाऱ्या स्त्रिया गावात फार थोड्या असतात.

१९६८ ते १९७६ ही आठ वर्षे ‘सांसारिक जबाबदाऱ्यांमुळे’ या दोन शब्दांवर उरकू नका. त्या काळात त्यांनी नाटके पाहिली का, संस्थेची माणसे घरी येत असत का, त्यांनी सोडलेली भूमिका दुसऱ्या कोणी केली तेव्हा त्या प्रयोगाला गेल्या का, आणि १९७६ मध्ये परत बोलावणे आले ते कोणाकडून? नवऱ्याने आधी ‘हो’ म्हटले की सासूने? काही घरांत तालमीच्या वेळी नातवंडे सांभाळणारी सासू सुनेचा एकही प्रयोग पाहायला आली नाही, असेही घडलेले आहे, आणि ती सासूसुद्धा त्या नाट्यसंस्थेची न नोंदलेली कार्यकर्तीच म्हणावी लागेल. तुमच्या घरी ते काम कोणी केले असेल, तर त्या व्यक्तीचे नाव पुस्तिकेत ठळकपणे यायला हवे.

आता तुमच्या बंधूंविषयी. त्यांची तक्रार खोटी नाही, आणि समारंभाच्या आनंदात ती दडपून टाकावी असेही मला वाटत नाही. दहा वर्षांच्या तापलेल्या मुलाला अंतिम फेरी म्हणजे काय हे कळत नाही, आणि कळण्याची त्याच्यावर जबाबदारीही नाही. पण त्या रात्रीची दुसरी बाजू कोणी आईंना विचारली आहे का? व्यावसायिक नाटकात नटी आजारी पडली तर कंपनी बदली नटी उभी करू शकते किंवा प्रयोग पुढे ढकलू शकते. हौशी संस्थेकडे यातले काहीच नसते. प्रयोगाची तारीख आणि वेळ स्पर्धेच्या केंद्राने ठरवून दिलेली असते; त्या वेळी पडदा उघडला नाही तर प्रवेशिका बाद होते, आणि त्याबरोबर अनेक माणसांनी रजा काढून, वर्गणी गोळा करून, नेपथ्य ट्रकवर चढवून केलेली काही महिन्यांची मेहनत वाया जाते. अंतिम फेरीला पोहोचलेल्या नाटकातली एकुलती एक स्त्री घरी थांबते म्हणजे काय होते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही थांबावे की जावे, हा निर्णय त्यांनी एकटीने घेतला असेल, की कोणी डॉक्टरांनी धीर दिला, शेजारणीने जबाबदारी घेतली, की नवरा त्या वेळीही फिरतीवर होता? शेवटचा प्रश्न मी मुद्दाम विचारते. तुमच्या पत्रात वडिलांच्या फिरतीचा उल्लेख एका वाक्यात आला आहे आणि त्या वाक्यात कसलीही तक्रार नाही. दौऱ्यावर गेलेल्या वडिलांच्या अनुपस्थितीत मुलांना किती वेळा ताप आला, याचा हिशेब त्या काळच्या कुठल्याच घरात ठेवला जात नसे. बंधूंशी बोलताना हे त्यांना उलट उत्तर म्हणून ऐकवू नका, कारण त्याने त्यांचे त्या रात्रीचे एकटेपण कमी होत नाही. मात्र तुम्ही स्वतः लिहायला बसाल तेव्हा हे विसरू नका.

माझी सूचना अशी आहे की पुस्तिकेतली दोन पाने बंधूंना द्या आणि त्यांनी ती स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शब्दांत लिहावीत. तुम्ही त्यांच्या वतीने ‘आम्हां भावंडांना कधी कधी आईची उणीव भासत असे’ असे गुळमुळीत वाक्य लिहिलेत, तर त्यांना ते खोटे वाटेल आणि आईंनाही. ती पाने छपाईला जाण्यापूर्वी आईंना वाचायला द्या. त्यांना उत्तर द्यायचे असेल तर त्यांचे उत्तरही छापा, नसेल तर आग्रह करू नका. बंधूंनी लिहायला नकार दिला, तर त्या प्रसंगाबद्दल आई सांगतील तेवढेच, त्यांच्या शब्दांत येऊ द्या आणि बंधूंच्या मनातले तुम्ही अंदाजाने लिहू नका. समारंभाच्या दिवशी व्यासपीठावर मायलेकांचा समेट घडवून आणण्याचा मोह कोणाला झाला, तर तो तुम्ही आधीच मोडून काढा. पन्नास वर्षे जपलेली गोष्ट माइकसमोर सुटत नसते, आणि सत्कारमूर्तीकडून जाहीर दिलगिरी काढून घेणे तर मला सरळ अन्यायाचे वाटते.

कागदांचे काम मात्र उद्यापासूनच सुरू करा. पुराच्या पाण्यात भिजून वाळलेली छायाचित्रे अल्बमच्या प्लास्टिकला किंवा एकमेकांना चिकटली असतील, तर ती ओढून सोडवू नका. छायाचित्रावरचा जिलेटिनचा थर ओला झाल्यावर मऊ होतो आणि वाळताना शेजारच्या वस्तूला धरून बसतो; ओढले की चेहराच सोलून निघतो. आधी ती आहेत त्या अवस्थेत, गरज पडल्यास प्लास्टिकसकट, स्कॅन करा. ६०० डीपीआयवर केलेले स्कॅन पुस्तिकेच्या छपाईला पुरेसे होईल. सुटी करण्याचे काम जाणकार संवर्धकावर सोपवा. वर्तमानपत्रांची कात्रणे छायाचित्रांच्या संगतीत ठेवू नका, कारण त्या कागदातले आम्ल शेजारच्या कागदालाही पिवळे करते. कशालाही लॅमिनेशन करू नका. ते परत काढता येत नाही, आणि हौसेने लॅमिनेट केलेली मानपत्रे आतल्या आत तपकिरी पडलेली मी पाहिली आहेत. छायाचित्राच्या मागे नावे लिहायची तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. नाटकाचे ध्वनिमुद्रण असलेल्या कॅसेट पुरात भिजल्या असतील, तर ‘बघू तरी चालते का’ म्हणून त्या टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. फितीवर बसलेला गाळ आवाज खरवडून काढतो. जुन्या फिती साफ करून त्यांचे डिजिटल रूपांतर करणाऱ्यांकडेच त्या न्या, आणि तीन अंकी नाटक एका कॅसेटमध्ये मावत नसे, तेव्हा जोडीतली दुसरी कॅसेट कुठे आहे याचाही शोध घ्या.

जे कागद वाहून गेले त्यांतले काही इतरत्र सापडतील. स्पर्धेचे निकाल स्थानिक वर्तमानपत्रांत येत असत आणि जुन्या ग्रंथालयांत त्यांचे बांधीव अंक असू शकतात. संस्थेच्या सहकलाकारांच्या घरी त्याच प्रयोगाची छायाचित्रे असतात, आणि त्यांच्यातले जे हयात आहेत त्यांच्याकडे आधी जा. या कामात वयाने मोठ्या माणसाला नंतर भेटू म्हणणे परवडत नाही. शोधताना एक लक्षात असू द्या की तुमच्या आई १९६३ ते १९६६ या काळात माहेरच्या नावाने, मागे ‘कु.’ लावून छापल्या गेल्या असतील, पुढे सासरच्या नावाने ‘सौ.’ म्हणून. काही स्त्रियांनी घरच्यांच्या धाकाने हस्तपत्रिकेवर टोपणनावही घेतलेले असे. आईंना तसे काही करावे लागले होते का, हे विचारून मगच शोधाला लागा.

स्वगताच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: त्यांना करू द्या. तुमची भीती मला कळते, पण ती फजिती कोणाची असेल याचा विचार करा. विसरण्याची भीती हा त्यांचा चाळीस वर्षांचा रोजचा अनुभव आहे, आणि तिच्याशी कसे वागायचे हे तुमच्यापेक्षा त्यांना अधिक कळते. अमेरिकेत हेल्गा आणि टोनी नॉइस या दांपत्याने नटांच्या स्मरणशक्तीचा दीर्घकाळ अभ्यास केला. हालचालीसकट बोललेली वाक्ये नटांना अधिक चांगली आठवतात, असे त्यात दिसून आले; तसेच साठीच्या पुढच्या माणसांना चार आठवडे अभिनय शिकवल्यावर त्यांची शब्दस्मृती आणि प्रश्न सोडवण्याची क्षमता सुधारल्याचेही आढळले. याचा उपयोग एवढाच की आईंना खुर्चीत बसवून पाठांतर घेऊ नका. त्या पूर्वी जशा उठत, वळत, पदर सावरत ते स्वगत म्हणत असत, तशाच म्हणू द्या. आरोग्याला लाभ होतो म्हणून त्यांनी नाटक करावे, असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांना करायचे आहे, हे कारण पुरेसे आहे.

व्यवस्था नीट ठेवा. स्वगत सहा-सात मिनिटांपेक्षा मोठे नसावे आणि काय गाळायचे ते त्यांनीच ठरवावे. विंगेत प्रॉम्प्टर हवा, आणि त्यांना ऐकू कमी येत असेल तर तो त्यांच्या बऱ्या कानाच्या बाजूला हवा. श्रवणयंत्र असेल तर ते लावून किमान दोन तालमी त्याच सभागृहात, त्याच ध्वनियंत्रणेवर घ्या, कारण कॉलर माइक आणि श्रवणयंत्र यांची शिट्टी नेमकी प्रयोगातच वाजते. हातात ठेवायला मोठ्या अक्षरांतली संहिता द्या. अभिवाचन हा आता मान्य नाट्यप्रकार आहे, त्यामुळे कागद हातात असण्यात कोणालाही कमीपणा वाटण्याचे कारण नाही. तरीही त्यांनी कागद नको म्हटले तर तो जवळच्या टेबलावर ठेवा आणि विषय तिथेच सोडा. रंगमंचावर पायरी किंवा वर-खाली पातळ्या नकोत, आणि प्रकाश मालवून पुन्हा उजळण्याचा परिणाम तर मुळीच नको. या वयात अंधारातल्या दोन पावलांत पडण्याचा धोका विसरण्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. होमहवन, औक्षण आणि भेटीगाठी यांनी त्या दमलेल्या असतील, म्हणून स्वगत कार्यक्रमाच्या शेवटी न ठेवता आरंभी ठेवा. आठवड्याभरापूर्वी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

नाटककाराच्या परवानगीचा प्रश्न कोणीतरी काढील. प्रेक्षकांकडून पैसे न घेता हौशी मंडळींनी केलेल्या प्रयोगाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, त्यामुळे घरच्या समारंभातले स्वगत अडचणीचे ठरू नये. तेच स्वगत पुस्तिकेत छापणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी लेखकाची किंवा त्यांच्या वारसांची लेखी परवानगी घ्या. प्रयोगाचीही त्यांना आगाऊ कल्पना दिलीत तर चांगले, कारण तसे पत्र पाठवून मगच नाटक बसवायचे ही हौशी रंगभूमीची जुनी रीत आहे आणि आईंना ती ठाऊक असणारच.

पुस्तिकेच्या प्रती केवळ नातेवाइकांत वाटू नका. एक प्रत त्यांच्या संस्थेकडे, एक गावातल्या ग्रंथालयाकडे द्या आणि मुलाखतीचे ध्वनिमुद्रण न कापता, पूर्ण जपा. स्त्रियांच्या मौखिक इतिहासाचे काम करणारी ‘स्पॅरो’ ही संस्था १९८८ पासून मुंबईत आहे. अशा ध्वनिमुद्रणाची प्रत त्यांना हवी आहे का, हे पत्राने विचारा. मूळ कागद आणि छायाचित्रे मात्र आईंच्या हयातीत कोणालाही देऊ नका, कोणी कितीही प्रतिष्ठेचा संग्राहक आला तरी स्कॅन केलेली प्रत द्या. ती पेटी नंतर कोणाकडे जावी हे त्यांनाच विचारा आणि त्यांच्या सहीने लिहून ठेवा. पेटी सध्या खालच्या कपाटात असेल, तर येत्या पावसाळ्याआधी ती वरच्या मजल्यावर हलवा.